मागं बसलेल्या बाईचा हिशेब

(यवतमाळ इथे स्त्रियांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आज मला बोलायला सांगितलं आहे ते रस्त्यावरच्या अपघाताबद्दल. विषय ऐकून काहीजणी म्हणाल्या, हुंडा झाला, मारझोड झाली, दारू झाली, आता हे मोटारींचं काय मधेच? गाडी चालवतो पुरुष, विमा काढतो पुरुष, पोलिसात जातो पुरुष. आपला त्यात संबंध काय?

संबंध एवढाच की आपण मागं बसलेल्या असतो. मोटारसायकलवर मागं, काळीपिवळीत मागं, कापूस वेचायला जाताना पिकअपच्या डाल्यात मागं. आणि अपघात झाल्यावर जो कागदांचा व्यवहार सुरू होतो त्यातही आपल्याला मागंच बसवलं जातं. या मागं बसण्याची रुपयांत किती किंमत पडते, ते आज मी सांगणार आहे. मी वकील नाही. मदत केंद्राचं काम करताना बायांबरोबर पोलीस ठाण्यात, दवाखान्यात आणि कोर्टात जाऊन जे शिकले, ते सांगते.

आपल्या जिल्ह्यातून हैदराबादकडे जाणारा मोठा हमरस्ता जातो. वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी ही सगळी गावं त्याच्यावर. दुसरा कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड असा तुळजापूरकडे जातो. वणीकडे कोळशाचे ट्रक. रस्ते रुंद झाले, गाड्यांचा वेग वाढला. पण आपली शेतं आणि आपली गावं रस्त्याच्या दोन्ही अंगांना तशीच राहिली. बैलगाडी, मोटारसायकल आणि डोक्यावर भारा घेतलेली बाई त्याच रस्त्यावर, आणि भरधाव कारही त्याच रस्त्यावर.

तेरवीच्या आत काय झालं

आर्णीकडच्या एका बाईची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही. नवरा मोटारसायकलवरून गावच्या फाट्यावर वळत होता, मागून कार आली, धडक बसली. माणूस जागीच गेला. घरात दोन लेकरं आणि म्हातारी सासू.

बाई कोपऱ्यात बसलेली. तिला बाहेर येऊ देत नव्हते. तिसऱ्या दिवशी कारवाल्याचे दोन नातेवाईक गावात आले. पन्नास हजार रुपये आणि एक स्टँपपेपर घेऊन. दिराने सही केली, "आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही." कोणीतरी म्हणालं, तिला एकदा विचारून घ्या. तर उत्तर आलं, "तिले काय इचारता? ती रडून राह्यली."

तोवर पोलिसांकडे फिर्याद झाली होती. ती दिली होती खुद्द कारचालकाने. त्यात लिहिलं होतं की मोटारसायकल अचानक आडवी आली. पंचनाम्यातही तीच ओळ. म्हणजे मेलेल्या माणसावरच चूक टाकून सगळे मोकळे झाले. तो काही उठून जबाब द्यायला येणार नव्हता. आणि जी त्याच्या वतीने बोलू शकली असती, ती कोपऱ्यात होती.

बायांनो, मला आज जे सांगायचं आहे ते सगळं या एका प्रसंगात आहे. अपघातात चूक कुणाची हे कोर्टात ठरतं असं आपल्याला वाटतं. कोर्ट फक्त निकाल देतं. चूक ठरते ती पहिल्या आठ-दहा दिवसांतल्या कागदांवर. आणि नेमके तेच दिवस बाईने तोंड लपवून बसायचे असतात. दुःख तर आपलं असतंच. पण त्या दुःखाच्या नावाखाली आपल्याला बाजूला ठेवायचं आणि व्यवहार दुसऱ्यांनी उरकायचा, ही रीत काही दुःखातून आलेली नाही.

ती बाई आमच्याकडे आली तेव्हा अडीच महिने झाले होते. आम्ही सगळे कागद मागवले. घटनास्थळाच्या नकाशात एक गोष्ट होती जी कुणी वाचलीच नव्हती. फुटलेल्या काचा आणि रक्ताचा डाग रस्त्याच्या डाव्या कडेला दाखवला होता, म्हणजे मोटारसायकलच्या बाजूला. कारच्या ब्रेकची खूण धडकेच्या जागेच्या पुढे सुरू होत होती, म्हणजे धडकेआधी ब्रेक लावलेच नव्हते. "आडवी आली" ही ओळ आणि हा नकाशा, दोन्ही एकाच बंडलात होते. फाट्यावरचा पानठेलेवाला साक्षीला आला. शेवटी निकाल झाला की चूक मुख्यतः कारचालकाची; पण वळताना मागं पाहिलं नाही म्हणून चौथा हिस्सा चूक तुमच्या माणसाची.

हा चौथा हिस्सा म्हणजे काय ते आता समजून घेऊ.

चुकीची वाटणी आणि पैशांचा हिशेब

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यातल्या कलम १६६ खाली नुकसानभरपाईचा दावा करता येतो. तो ऐकतं मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. म्हणजे आपलं जिल्हा न्यायालयच त्या नावाने बसतं. अपघात झाला तिथे, आपण राहतो तिथे किंवा समोरचा राहतो तिथे, यांपैकी कुठेही दावा करता येतो. म्हणून माहेरी परत आलेल्या बाईनेही घाबरायचं कारण नाही. ती माहेरच्या जिल्ह्यात दावा लावू शकते.

या कोर्टात खुनाच्या खटल्यासारखा पुरावा लागत नाही. कोणती गोष्ट जास्त संभवते, एवढंच पाहायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली स्पष्ट सांगितलं आहे. चालकाची चूक ठरली की जबाबदारी मालकावर येते, आणि मालकाचा विमा असेल तर पैसे विमा कंपनी देते. रक्कम किती, याचंही ठरलेलं गणित आहे. २००९ आणि २०१७ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांनी ते पक्कं केलं. फळ्यावर मांडते.

समजा माणूस तेहतीस वर्षांचा, मजुरी महिना १०,००० रुपये. चाळिशीच्या आतला आणि स्वतःच्या कष्टावर जगणारा, म्हणून पुढच्या वाढीचे चाळीस टक्के मिळवायचे. झाले १४,०००. त्याच्यावर चारजण अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करायचा. राहिले १०,५००. वर्षाचे १,२६,०००. एकतीस ते पस्तीस वयाला गुणक सोळा. म्हणजे २०,१६,००० रुपये. शिवाय अंत्यसंस्काराचा खर्च आणि जोडीदार, आईबाप गमावल्याची भरपाई वेगळी.

आता यात चौथा हिस्सा चूक मेलेल्याची धरली की ५,०४,००० रुपये कापले जातात. "अचानक आडवी आली" या पंचनाम्यातल्या तीन शब्दांची किंमत पाच लाख चार हजार! आणि दिराने सही करून आणले होते पन्नास हजार.

त्या स्टँपपेपरचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. काही झालं नाही. दिराला बायकोच्या आणि लेकरांच्या वतीने हक्क सोडून देण्याचा अधिकारच नाही. अज्ञान मुलांचा हक्क तर कोर्टाच्या परवानगीशिवाय आईलाही सोडता येत नाही. आणि निष्काळजीपणाने जीव घेतल्याचा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. पूर्वी तो ३०४ अ होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आहे. तेव्हा असा कागद कुणी नाचवला तर घाबरू नका. पण पन्नास हजार घेऊन तोंड बंद झालं की साक्षीदार पांगतात, हे नुकसान मात्र खरं असतं.

चुकीबद्दल आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवा, कारण विमा कंपनीचे वकील याच तीन गोष्टी पुढे करतात. लायसन नव्हतं एवढ्यावरून अपघातात त्याची चूक होती असं होत नाही, हे २००८ साली ठरलं. मोटारसायकलवर तिघं होते एवढ्यावरून मागच्याची चूक ठरत नाही, हे २०२० साली ठरलं. त्या तिसऱ्या माणसामुळे धडक झाली हे दाखवावं लागतं. आणि तिसरी गोष्ट खास आपल्यासाठी. काळीपिवळी आणि ट्रक यांची टक्कर झाली, दोघांचीही चूक होती, तर आत बसलेल्या बाईची चूक कुठलीच नसते. तिचे पैसे कापता येत नाहीत. ती दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकते, हे २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. कुणी किती भरायचं ते त्यांनी आपसात पाहावं.

बाई गेली तर?

आतापर्यंतचा हिशेब पुरुष गेला तर, असा मांडला. आता बाई गेली तर काय?

शेजारच्या अमरावती जिल्ह्यातली गोष्ट आहे. अपघातात घर सांभाळणारी एक बाई गेली. घरच्यांनी अचलपूरच्या न्यायाधिकरणात दावा केला. २००७ साली तो फेटाळला गेला. कारण काय, तर ती गृहिणी होती, तिचं उत्पन्न नव्हतं. उत्पन्नच नाही तर नुकसान कसलं? घरचे नागपूरला उच्च न्यायालयाच्या खंडपीठात गेले. निकाल लागायला २०२० साल उजाडलं. खंडपीठाने म्हटलं की गृहिणी घर धरून ठेवते, तिच्या कामाला मोल नाही असं म्हणता येणार नाही, आणि ८ लाख २२ हजार रुपये व्याजासह द्यायला लावले. तेरा वर्षं लागली, बायांनो, ती काम करत होती एवढं मान्य व्हायला.

ही एका कोर्टाची चूक समजू नका. कायद्यातच तसं लिहिलेलं होतं. १९९४ साली कायद्याला एक कोष्टक जोडलं गेलं होतं. त्यात न कमावणाऱ्या व्यक्तीचं उत्पन्न वर्षाला पंधरा हजार धरलं होतं आणि बायकोचं नवऱ्याच्या कमाईच्या एक तृतीयांश. म्हणजे डॉक्टरच्या बायकोचं स्वयंपाकघर महाग आणि मजुराच्या बायकोचं स्वस्त! आपली जनगणनाही तशीच. घरकाम करणाऱ्या बाईला 'काम न करणारी' म्हणून भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत बसवलेलं, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली कान उपटले होते.

मग आलं २०२१. दिल्लीत २०१४ साली मोटारसायकलला कारची धडक बसून नवरा-बायको दोघंही गेले होते. त्या प्रकरणात ५ जानेवारी २०२१ ला निकाल देताना न्यायमूर्ती रमणा यांनी सरकारच्याच २०१९ च्या वेळवापर पाहणीचा आधार घेतला. आपल्या देशातली बाई घरच्या बिनपगारी कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालते आणि पुरुष ९७ मिनिटं. गृहिणीचं उत्पन्न धरणं ही मेहेरबानी नाही, तिच्या श्रमाची ती ओळख आहे, असा त्या निकालाचा आशय. तिलाही पुढच्या वाढीचे टक्के लागू केले. २०२४ च्या फेब्रुवारीत उत्तराखंडातल्या एका प्रकरणात तर त्याच न्यायालयाने म्हटलं की गृहिणीचं उत्पन्न रोजंदारी मजुरापेक्षा कमी कसं धरता येईल?

जे आपण स्त्री-चळवळीत वर्षानुवर्षं ओरडून सांगत आलो ते शेवटी विम्याच्या हिशेबात शिरलं. पण आपोआप मिळत नाही. दाव्यात लिहावं लागतं. आपल्याकडची बाई घरकामही करते आणि वेचणीलाही जाते. मग दाव्यात नुसतं 'गृहिणी' का लिहायचं? निंदण, वेचणी, शेळ्या, दूध, बचत गटाचं पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड, जे असेल ते लावा. ती नसताना लेकरांना कोण पाहतं, म्हातारीला कोण पाहतं, ते लिहा. मघाचाच हिशेब बत्तीस वर्षांच्या बाईसाठी करा. महिना दहा हजार धरले, चारजण अवलंबून असले, तर तिचेही वीस लाख सोळा हजारच होतात. वयोगट तोच, गुणक तोच. बाई म्हणून गुणक कमी होत नाही.

विमा कुणाचा, कुणासाठी?

आता सगळ्यात कडू भाग. चूक समोरच्याची ठरली तरी विमा कंपनी प्रत्येक वेळी पैसे देतेच असं नाही.

प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. थर्ड पार्टी म्हणजे गाडीबाहेरचा माणूस. रस्त्यावरचा पादचारी, दुसऱ्या गाडीतला माणूस. परवाना असलेल्या प्रवासी गाडीतले प्रवासीही त्यात धरले जातात. पण नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागं बसलेली बायको? मोटारसायकल नवऱ्याच्याच चुकीने घसरली, आणि विमा फक्त थर्ड पार्टीचा असेल, तर तिला त्यातून मिळत नाही. २००६ सालचा निकाल आहे. तेव्हा विमा काढताना मागच्या सीटचा विमा घेतला का, हे विचारायचं.

आणि नवराच स्वतःच्या चुकीने गेला तर? तेव्हा थर्ड पार्टीचा दावा चालत नाही, आणि बाई म्हणते, संपलं. पण मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असू शकतो. गाडी त्याच्या नावावर हवी आणि लायसन हवं. कित्येक बायांना घरातल्या डब्यात हा कागद आहे हेच माहीत नसतं. आज घरी गेल्यावर तो कागद काढून वाचा.

आता पिकअप आणि ट्रॅक्टर. वेचणीच्या हंगामात सकाळी सहाला आपल्या चौकातून वीस-वीस, पंचवीस-पंचवीस बाया मालवाहू गाडीत कोंबून नेतात. ती गाडी मालासाठी आहे. मालवाहू गाडीत अशा बसवलेल्या माणसांची भरपाई विमा कंपनीवर बांधता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली ठरवलं आहे. मालाबरोबर जाणारा मालाचा मालक चालतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचीही तीच अडचण. विमा असतो शेतीकामासाठी, बायांच्या वाहतुकीसाठी नाही. मग निकाल लागतो गाडीमालकाच्या विरुद्ध, आणि त्याच्याकडून वसूल करताना बाईची हयात जाते. काही प्रकरणांत कोर्ट विमा कंपनीला सांगतं की आधी तुम्ही द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. पण त्याचा भरवसा धरता येत नाही.

४ एप्रिल २०२५ ची आठवण सगळ्यांना असेल. आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात आलेगावला शेतमजूर बायांना नेणारा ट्रॅक्टर विहिरीत पडला. सात बाया गेल्या. त्या हिंगोली जिल्ह्यातल्या गुंज गावच्या होत्या. सरकारने मदत जाहीर केली. मदत मिळायलाच हवी. पण बायांनो, मदत मंत्र्याच्या मनात आली तर मिळते, आणि हक्क कायद्यात लिहिलेला असतो. आपल्या जिल्ह्यातल्या बाईला हा फरक कुणी शिकवायला नको. शेतकरी नवऱ्याने जीव दिल्यावर 'पात्र' की 'अपात्र' या दोन शब्दांसाठी तिने तहसीलच्या किती पायऱ्या झिजवल्या आहेत! अपघाताच्या दाव्यात ती अर्जदार म्हणून उभी राहते, याचक म्हणून नाही.

म्हणून मजुरी ठरवताना गाडीचाही सौदा करा. बायांना न्यायचं असेल तर प्रवासी परवान्याची गाडी आण, हे मुकादमाला एकटी बाई सांगू शकत नाही. पंचवीस जणी मिळून सांगू शकतात. वेचणीचा भाव किलोमागे वाढवून घेताना आपण एकी करतो की नाही? मग जिवाच्या भावासाठी का नाही?

हक्कदार कोण?

पैसे येणार म्हटलं की घरात भांडण सुरू होतं. "ती काय, उद्या दुसरं करंल," असं म्हणून सुनेला बाहेर काढण्याचा प्रयत्न होतो. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये याचा निकाल लावला. २०१० साली अपघातात नवरा गेला तेव्हा ती मुलगी एकोणीस वर्षांची होती. दावा चालू असताना तिने दुसरं लग्न केलं. विमा कंपनी म्हणाली, आता हिला कशाला पैसे? न्यायालय म्हणालं, भरपाई मिळवण्यासाठी तिने जन्मभर विधवा राहावं अशी अपेक्षा करता येत नाही. आणि लेकीकडे राहणारी सासूही जावयाच्या मृत्यूनंतर दावा करू शकते, हे २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. कोण कुणाच्या आधाराने जगत होतं, हे पाहायचं असतं.

मिळालेल्या रकमेचा काही भाग कोर्ट बाईच्या आणि मुलांच्या नावाने बँकेत ठेवायला लावतं. काहीजणींना त्याचा राग येतो. पण मी पाहिलं आहे, ती मुदतठेव होती म्हणून लेकरांचं शिक्षण झालं. तुमचं स्वतःचं, एकटीच्या नावाचं खातं मात्र आधीच उघडून ठेवा.

मग करायचं काय?

पहिलं, जखमीला दवाखान्यात न्या. नेणाऱ्याला पोलीस अडकवत नाहीत, तसं संरक्षण कायद्यात २०२० पासून आहे. मे २०२५ पासून जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार पैसे न भरता मिळण्याची केंद्राची योजनाही आहे. ठरलेल्या दवाखान्यात तशी मागणी करा.

दुसरं, फिर्याद तुमच्या बाजूने कोण देतो ते पाहा. स्वतः जाता येत नसेल तर ज्यावर विश्वास आहे त्याला पाठवा, आणि काय लिहिलं ते वाचून घ्या. फिर्यादीची प्रत फुकट मिळते. मोबाईलवर जागेचे, दोन्ही गाड्यांचे, ब्रेकच्या खुणांचे आणि नंबरप्लेटचे फोटो काढून ठेवा.

तिसरं, कागद गोळा करा. फिर्याद, घटनास्थळ पंचनामा आणि नकाशा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, गाड्यांच्या तपासणीचा अहवाल, लायसन, गाडीचं नोंदणीपुस्तक, विम्याचा कागद. दवाखान्याचं प्रत्येक बिल. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा आहे. दहा दिवसांत तुमचे हक्क तुम्हाला लेखी कळवायचे आहेत. पन्नास दिवसांत अंतरिम आणि नव्वद दिवसांत सविस्तर अहवाल द्यायचा आहे. हे घडतंच असं नाही. पण 'तो अहवाल दिला का?' असं तारीख सांगून विचारणाऱ्या बाईला टाळणं कठीण जातं.

चौथं, मुदत. १९९४ मध्ये दाव्याची मुदत काढून टाकली होती. आता दुरुस्तीने १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा सहा महिन्यांची मुदत आली आहे. तिला न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण आपण त्या भरवशावर राहायचं नाही. वर्षभर घराबाहेर पडायचं नाही ही रीत पाळलीत, तर मुदत दारातूनच निघून जाईल.

पाचवं, चूक सिद्ध न करताही कलम १६४ खाली मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळतात. पण ते घेतले की मोठा दावा संपतो. म्हणून मघाचा हिशेब मांडा आणि मगच सही करा. गाडी पळून गेली, सापडलीच नाही, तर मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार. त्यासाठी महसूल अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. घरात सातबारा असेल तर शेतकरी अपघात योजनेचे दोन लाख वेगळे. ते तालुका कृषी कार्यालयात विचारा.

सहावं, वकील. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्याने. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. "वीस टक्के द्या, मी सगळं करतो" असं म्हणून दवाखान्याच्या दारातच गाठणारे असतात. मिळालेल्या रकमेत टक्केवारी ठरवणं वकिलांना त्यांच्या नियमानेच मना आहे. कोऱ्या कागदावर आणि कोऱ्या वकालतनाम्यावर सही किंवा अंगठा करू नका.

आणि शेवटचं काम तुमचं नाही, आमचं सगळ्यांचं आहे. गावात अपघात झाला की आपण बाया जमतो, तिच्या गळ्यात पडून रडतो, तेरवीपर्यंत डबा पोचवतो. ते करूच. पण त्यातल्या दोघींनी दुसऱ्याच दिवशी पोलीस ठाण्यात जायचं, फिर्याद वाचायची आणि कोपऱ्यात बसलेल्या बाईच्या कानाशी जाऊन सांगायचं, "बाई, तुला विचारल्याशिवाय कुणी सही करणार नाही." बचत गटाच्या बैठकीत हे काम कोणत्या दोघींचं, ते आजच ठरवून टाका.

आर्णीकडची ती बाई आता असंच काम करते. गेल्या वेचणीत शेजारच्या गावात अपघात झाला. तिसऱ्या दिवशी तिथेही स्टँपपेपर घेऊन माणसं आली. ओसरीवर हीच बसलेली होती. ती म्हणाली, "सही नाही होत. जिची सही पाहिजे ते आत हाये. तिले नकाशा पाह्यचा हाये."